कठडा गादीपासून मोजायचा

"अहो, शिडी लागते ती वर जायला. खाली यायला लहान मुलांना काहीही लागत नाही."

दुसऱ्या मजल्यावरच्या सुनीतीताई आपल्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. हमाल आमच्या दुमजली पलंगाचे भाग डोक्यावर घेऊन जिना चढत होते. लिफ्टमध्ये ते मावत नव्हते. मी सगळ्यांत मागे, हातात शिडी घेऊन.

"धूळ उडतेय ताई, दार लावून घ्या. पेढे द्यायला येतेच," मी हसून म्हटलं आणि वर गेले.

सुनीतीताई शाळेतून निवृत्त झालेल्या. गच्चीचं दार, टँकरचं पाणी, जिन्यातल्या चपला, सगळ्यावर त्यांची काहीतरी सूचना असायचीच. रोज इतकं ऐकल्यावर त्यातलं एखादं वाक्य वेगळं काढून ठेवायला जमत नाही. शिवाय पलंगाच्या बाबतीत या इमारतीत माझ्याइतका विचार कोणी केलेला नाही, अशी माझी खात्री होती.

ती खात्री उगाच नव्हती. खराडीतला आमचा फ्लॅट नवा. खिडकीतून आयटी पार्कची अर्धवट इमारत आणि तिच्यावरची क्रेन दिसायची. नवरा, अभिनव, तिथेच शेजारच्या इमारतीत कामाला. मुलांची खोली इतकी लहान की कपाट ठेवल्यावर एकच पलंग बसायचा, आणि मुलं दोन. सृष्टी नुकतीच पहिलीत गेलेली, साई अजून बाटलीतून दूध पिणारा. अभिनव कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत राहून आला, तेव्हा तिथल्या एका सहकाऱ्याच्या घरचा बंक बेड बघून आला होता. "एकावर एक. खाली साई, वर सृष्टी. स्पेसच स्पेस!" असं तो सगळ्यांना सांगत सुटला.

मग नगर रोडवरच्या दुकानांत आमच्या रविवारच्या वाऱ्या सुरू झाल्या. मी पर्समध्ये सोललेला नारळ घेऊन फिरायचे. कठड्याच्या दोन पट्ट्यांमधून नारळ आरपार गेला, तर मुलाचं डोकंही जाईल, हा माझा हिशेब. एका दुकानात विक्रेता म्हणाला, "मॅडम, पूजा घरी नेल्यावर करा ना." मी त्याच्यासमोर पट्ट्यांमधून नारळ पलीकडे ढकलला. तो खाली पडून गडगडत सोफ्याखाली गेला. अभिनव तोवर बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभा.

"नम्रता, लोक बघतात."

"बघू देत. मी पण बघायलाच आलेय."

रेडीमेड पलंग सगळे हलायचे. मी शिडीवर चढून खांब धरायचे आणि अंगातली सगळी ताकद लावून हलवायचे. कुठे स्क्रू कुरकुरायचे, कुठे शिडीच हातात यायची. शेवटी कुणीतरी येरवड्याच्या अमीनभाईंचं नाव सांगितलं. पुढे कारखाना, मागे घर. त्यांनी सागवानी दुमजली पलंग दर्शनी भागातच मांडून ठेवला होता, वर पातळ फोमची गादी.

"हलवा भाभी. तुम्ही हलवा, साहेबांना हलवू द्या, रस्त्यावरून चार माणसं बोलवा," अमीनभाई म्हणाले.

मी हलवला. खांब जागचा हलला नाही. नारळ पट्ट्यांमध्ये अडकून बसला. कठडा चांगला उंच होता, वर झोपून बघितलं तेव्हा खांद्याच्याही वर येत होता. मी तिथेच, त्या पलंगावर आडवी पडल्या पडल्या, "हाच," म्हणाले. अभिनवने दोन्ही हात जोडून छताकडे बघितलं.

पलंग आला, पेढे वाटले. सुनीतीताईंनीही पेढा घेतला.

मग गावाहून आई आल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, मालनबाई. यवतमाळकडचं गाव, घरची कोरडवाहू शेती, कापूस. नातवंडांचा पलंग आला हे फोनवर कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं होतं, "लांबी-रुंदी सांग." ट्रॅव्हल्सच्या बसमधून सकाळी उतरल्या त्या टपावर बांधून आणलेल्या दोन गाद्या, तुरीच्या डाळीचा एक लहान कट्टा, म्हणजे छोटं पोतं, आणि लोणच्याची बरणी घेऊन.

"पहिल्या वेच्याचा कापूस आहे. इकला नाही मी," गाद्यांची दोरी सोडताना त्या म्हणाल्या. "समोर बसून पिंजून घेतला. सरकीचा एक दाणा सापडला तं सांग मले."

आमच्याकडे हे असंच. घरच्या कापसाची गादी नातवंडाच्या अंगाखाली गेली, की आजीचं एक काम झालं. माझ्या बाळंतपणातही त्यांनी कापूसच पाठवला होता. गाद्या उलगडल्या आणि खोलीभर उन्हात वाळलेल्या कापसाचा वास पसरला. नवी खोळ, लाल-निळ्या चौकड्यांची. साईने त्यात तोंड खुपसलं.

मी फोमच्या गाद्या काढायला गेले, तर आईंनी हात धरला. "राहू दे खाली. पावाचा तुकडा आहे तो, पण फेकाचा कशाला? वरून ही टाक. लेकरं मऊ झोपतीन."

मी टाकली. का नाही टाकणार? त्या बाईने रात्रभर बसमध्ये कान टपाकडे लावून ठेवले होते.

दुपारी सृष्टी वर झोपली. खालच्या पलंगावर साई. मी पांघरूण घालायला शिडीवर चढले आणि सवयीने कठड्यावर कोपर टेकवलं. रोज तिथून मला सृष्टीचं फक्त नाक आणि कपाळ दिसायचं. त्या दिवशी ती सगळीच्या सगळी दिसत होती. फुललेल्या गादीवर ती उंच, ताटातल्या पुरीसारखी. तिने झोपेत कूस बदलली आणि तिचा हात सरळ कठड्याच्या बाहेर लोंबकळला. मी पंजा उभा करून गादी आणि कठड्याची वरची कड यांमध्ये धरला. चार बोटंही मावली नाहीत.

मी तिला उचलून खाली आणलं.

संध्याकाळी अभिनवला दाखवलं. तो शिडीवर चढला, गादी दाबली. "अगं कापूस आहे. महिन्याभरात बसेल."

"आणि महिनाभर?"

"नम्रता, यू आर ओव्हरथिंकिंग. कठडा तोच, पलंग तोच. तूच नारळ घेऊन पास केलायस."

"तेव्हा ही गादी नव्हती."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. हातात पोळीचं पीठ. "माह्या गादीत काय खोट आहे काय?"

"नाही आई, गादी चांगलीच आहे. पण..."

"पण काय? गावात सारे यावरच वाढले."

"जमिनीवर वाढले ना आई."

हे मी बोलायला नको होतं. त्या आत गेल्या. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "नको असन तं तसं सांगावं. वापस नेईन मी." अभिनवने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू कठडा मीच कापून लहान केला होता.

त्या दिवशी मुलांना मी आजीजवळ खाली झोपवलं. आजीला बरं वाटलं, मुलांना मजा वाटली. पण असं किती दिवस चालणार? गादी काढली तर आईंचं मन दुखावणार. ठेवली तर मी प्रत्येक दुपारी आणि रात्री शिडीखाली उभी राहणार. अभिनवला दोन्ही दिसत नव्हतं. त्याला दिसत होती फक्त बायको, जी नेहमीप्रमाणे घाबरलीय. सतत काळजी करणाऱ्या माणसाची हीच अडचण असते. खरी गोष्ट सांगितली तरी ती त्याच्या स्वभावाच्या खात्यात जमा होते.

म्हणून सांगणं थांबवून दाखवायचं ठरवलं.

रविवारी सकाळी मी तुरीच्या डाळीचा कट्टा बाहेर काढला. "आई, जरा धरता? आणि दुसऱ्या हाताने साईला घ्या."

"कायले?"

"सांगते ना."

आईंनी एका कडेवर साईला घेतलं, दुसऱ्या कडेवर कट्टा. दोन्हीकडे झुलून बघितलं. "पोट्टं थोडंसं जड आहे," त्या म्हणाल्या. "पण जवळपास सारखंच."

सृष्टीच्या वजनाचं घरात काही नव्हतं, आणि शिडी दिसली की साईही वर चढायला बघायचाच, म्हणून मी कट्ट्याला साईचा पिवळा टी-शर्ट चढवला. सृष्टी टाळ्या पिटायला लागली. अभिनव पेपर ठेवून उठला. "हे काय चाललंय? फोटो काढू का?"

"काढ."

आधी मी वरची कापसाची गादी उतरवली, फक्त फोम ठेवला. कट्टा मधोमध निजवला, भिंतीच्या बाजूने हात घातला आणि सृष्टी वळते तसा लोटला. कट्टा एकदा वळला, कठड्याला टेकला आणि थांबला. परत लोटला. परत थांबला.

"बघ," अभिनव म्हणाला. "सेफ आहे."

"आता गादी घाल."

त्यानेच घातली. कट्टा तसाच मधोमध. तेवढाच लोटला, जास्त नाही. कट्टा वळला, कठड्याच्या कडेवर क्षणभर अर्धा आत अर्धा बाहेर असा झुलला आणि गेला.

आवाज असा आला की सृष्टीने कान झाकले. कट्ट्याची शिवण उसवली आणि डाळ कपाटाखालपर्यंत सांडली. पिवळा टी-शर्ट पालथा पडला होता, एक बाही मुडपून अंगाखाली गेलेली.

अभिनवच्या हातातला कॅमेरा तसाच धरलेला राहिला.

दारावरची बेल कर्कश वाजली. सुनीतीताई एका दमात जिना चढून आल्या होत्या, पायात चप्पल नव्हती. "कोण पडलं?"

"डाळ," मी म्हणाले.

त्यांनी आत डोकावून बघितलं आणि दाराची चौकट घट्ट धरली. "देवा," एवढंच म्हणाल्या. टोमणा सुचला नाही, असं त्यांच्या बाबतीत मी पहिल्यांदाच बघितलं.

आई जमिनीवर बसल्या होत्या. साईला त्यांनी छातीशी इतकं आवळलं होतं की तो कुरकुरायला लागला. "आधी कपडे काढ त्याचे," कट्ट्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "काढ म्हटलं नं, नम्रता."

मी टी-शर्ट काढला. त्यावर डाळीचा चुरा होता, तो झटकला. आई उठल्या, शिडी चढल्या. या वयात, लुगडं सावरत. आणि गादी गुंडाळायला लागल्या.

"ठेवा आई."

"काय ठेवू? डोळ्यानं पाह्यलं नं मी."

"गादी राहणार. कठडा वाढवायचा."

त्यांनी गुंडाळणं थांबवलं. "वाढते का तो?"

"वाढवून घेऊ. तुम्ही पण चला माझ्याबरोबर, नाहीतर तो माणूस मला एकटीला बोलण्यात गुंडाळेल."

"मले?" आईंनी पदर खोचला. "मले गुंडाळून दाखवन म्हणा."

येरवड्याला आम्ही रिक्षाने गेलो. मागच्या सीटवर आई, मी, आमच्या मध्ये गुंडाळलेली गादी आणि मांडीवर परत शिवलेला कट्टा. मुलं सुनीतीताईंकडे ठेवली होती, ते त्यांनी स्वतःच मागून घेतलं. अभिनव बाइकवरून मागे. सिग्नलला थांबला की हेल्मेटच्या काचेतून आमच्याकडे बघायचा आणि मान खाली घालायचा.

अमीनभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. "भाभी, कठडा वाढवला तर पिंजरा दिसेल. आमच्या पलंगाची शानच जाईल."

"जाऊ देत."

"अहो मी येरवड्याला राहतो. तुरुंगाची भिंत रोज बघतो. लेकरांना घरात पण तेच कशाला?"

"त्या भिंतीवरून कोणी झोपेत खाली पडल्याचं ऐकलंय का तुम्ही?"

कारखान्यातला रंधा थांबला. कुणीतरी हसलं. अमीनभाई पण हसले, पण मान हलवत राहिले. "कठडा आपला बरोबर आहे भाभी. इतके पलंग गेले, एक तक्रार नाही."

"अभिनव, गादी," मी म्हणाले.

अभिनवने ती त्यांच्या दर्शनी पलंगावर चढवली. ते काम त्याने इतक्या झटपट केलं, की मला सकाळपासूनचं सगळं भरून मिळालं. आईंनी स्वतः कट्टा वर ठेवला. यावेळी त्याला कपडे नव्हते, पण त्यांनी तो निजवला मात्र हळूच, डोक्याखाली हात धरून ठेवावा तसा.

"लोटा भाऊ," त्या अमीनभाईंना म्हणाल्या. "तुम्हीच लोटा. मंग म्हणू नका का सुनेनं जोर लावला."

अमीनभाईंनी दोन बोटांनी लोटला.

कट्टा लाकडाच्या भुश्यात पडला म्हणून आवाज कमी झाला. पण मागच्या घराच्या दारात एक बाई येऊन उभी होती, ओले हात ओढणीला पुसत. अमीनभाईंची बायको, नसीमबानू. तिने कट्ट्याकडे बघितलं, पलंगाकडे बघितलं.

"आपल्या अलिझाच्या पलंगाला हाच कठडा आहे नं?"

अमीनभाई वाकून कट्टा उचलायला लागले.

"तिच्या खाली दोन गाद्या आहेत," नसीमबानू म्हणाली. "एक आपली, एक तिच्या नानीची."

अलिझा म्हणजे त्यांची नात. अमीनभाईंनी खिशातली पेन्सिल काढून कानावर ठेवली, परत काढली, परत ठेवली. मग त्यांनी आमची गादी हाताने दाबून बघितली, वर टेप लावली.

"आम्ही फळीपासून मोजत होतो," ते स्वतःशीच म्हणाले. "लेकरू काय फळीवर झोपतं?"

त्याच दिवशी त्यांनी आधी घरात जाऊन अलिझाचा कठडा वाढवला. आम्ही तोवर नसीमबानूच्या हातचा चहा पीत बसलो. आई आणि ती गाद्यांवर बोलत होत्या. कोणता कापूस फुलतो, कोणता गोळा होतो. दोन भाषांमधून चाललं होतं, पण एकमेकींचं एकही वाक्य त्यांनी परत विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी अमीनभाई आमच्याकडे आले. जुन्या कठड्यावर सागाचीच आडवी पट्टी, आतून जोडून, टोकं गोल करून. पिंजऱ्यासारखं काही दिसलं नाही. मी नारळ काढला, तेव्हा अभिनव पार्किंगमध्ये गेला नाही. त्यानेच नारळ माझ्या हातातून घेतला आणि नव्या पट्टीखालच्या फटीत सगळीकडून ढकलून बघितला.

"जात नाही," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "तुझं बरोबर होतं." हे वाक्य मी त्याला परत म्हणायला लावलं. त्याने म्हटलंही.

दुपारी सृष्टी वर झोपली, घरच्या कापसावर. शिडीवर चढून बघितलं तर नुसतं नाक आणि कपाळ. साईला आम्ही शिडीच काढून ठेवून फसवलं, तो खालच्या पलंगावर बसून रडला आणि रडता रडता झोपला. आई दारात पाटावर बसून डाळ निवडत होत्या, सांडलेली, केर मिसळलेली. "तुह्या डोक्यात आलं कसं वं हे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी घाबरट आहे ना. "राह्य मंग तशीच," त्या म्हणाल्या आणि सुपातली डाळ पाखडली. मला आजवर कुठल्याही परीक्षेत असा शेरा मिळालेला नाही.

अमीनभाईंच्या कारखान्यात आता पलंग घ्यायला गेलात, तर ते आधी विचारतात, "गादी कुठाय?" घरची गादी घेऊन या, ती टाकू, मग कठडा लावू. लोक वैतागतात. एक गृहस्थ म्हणे, "पलंग विकताय की दवाखाना काढलाय?" म्हणून निघून गेले आणि आठवड्याने गादी घेऊन परत आले. मी हे ऐकते तेव्हा, खरं सांगते, मला फार आनंद होतो. सुनीतीताईंनी तर सोसायटीच्या फळ्यावर सूचनाच लिहिली, मुलांच्या पलंगाबद्दल. खाली नाव माझं.

आधी विकलेल्या पलंगांपैकी जेवढे अमीनभाईंना आठवले, त्या घरी ते स्वतः स्कूटरवर पट्ट्या बांधून जाऊन आले. विमाननगर, धानोरी, विश्रांतवाडी. पैसे घेतले नाहीत. दोन घरांत त्यांना वेड्यात काढलं, तरी पट्टी मारूनच उठले.

एक पलंग मात्र राहिला. दिवाळीच्या गर्दीत एक जोडपं आलं होतं, टेम्पो स्वतःचाच घेऊन. कात्रजला न्यायचाय, डेअरीच्या मागच्या बाजूला, एवढंच बोलले. अमीनभाईंना त्यांचं नाव माहीत नाही. मुलगी आठवते. पुढचे दोन दात पडलेले, पलंगाला आकाशी रंगच हवा म्हणून हटून बसलेली. टेम्पोत चढेपर्यंत शिडी सोडायला तयार नव्हती, म्हणत होती, "वर मीच झोपणार." मी आणि अभिनव एका रविवारी तिकडे फिरून आलो. इमारती किती आहेत तिथे, तुम्हाला माहीत असेल.

तुम्ही त्या बाजूला राहत असाल, तर तुमच्या इमारतीत, शेजारच्या गल्लीत, मुलांच्या वाढदिवसाला जाल त्या घरी, एवढं करा. आकाशी रंगाचा सागवानी दुमजली पलंग दिसला, तर वरच्या गादीवर हात ठेवून बघा, कठडा किती उरतो ते. तिची आई म्हणेल, काही होत नाही हो. म्हणू दे. निमित्त काहीही सांगा, पण त्या मुलीला एकदा बघून या.